मॉड्यूल पायपीआयवर टाकण्याआधी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या छोट्या चमूंमध्ये एक सूचना अधूनमधून हमखास पुढे येते: आपले अमुक मॉड्यूल (कोडचा स्वतंत्रपणे वापरता येणारा भाग) सरळ पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, टाकून द्यावे, त्यात लपवण्यासारखे आहे तरी काय? सूचना करणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा परोपकार नसतो. त्याला सीआयमधल्या (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेतल्या) टोकनांचा, म्हणजे प्रवेशाच्या गुप्त परवलींचा, कंटाळा आलेला असतो, डॉकरची इमेज (प्रणालीचा चालवायला तयार गठ्ठा) मध्येच अडते म्हणून तो वैतागलेला असतो, आणि जगातली बाकी सगळी पॅकेजे जशी एका ओळीच्या आज्ञेने येतात तसे आपलेही यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. पण आपले मॉड्यूल आपल्याच चार प्रणालींपर्यंत पोहोचवणे हा वितरणाचा प्रश्न आहे, आणि प्रकाशन हा त्याहून फार वेगळा, बऱ्याच अंशी मागे न घेता येणारा व्यवहार आहे. केवळ पहिला प्रश्न सुटावा म्हणून दुसरा व्यवहार करू नये, असे माझे मत बनले आहे, आणि ते कसे बनले हे जरा तपशिलाने लिहावे म्हणतो.

मी पुण्यात ज्या चमूत काम करतो तो सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाची प्रणाली तयार करतो. त्या प्रणालीतून कालांतराने तीन मॉड्यूले वेगळी निघाली. पहिले ‘अक्षरी’, जे पावतीवरची रक्कम शब्दांत लिहिते: ‘अक्षरी रुपये एक लाख पंचवीस हजार फक्त’. दुसरे ‘हप्ता’, जे कर्जाचे मुद्दल, व्याज, दिवसांची मोजणी आणि पूर्णांकन यांवरून परतफेडीचे वेळापत्रक काढते. तिसरे ‘खतावणी’, जे निरनिराळ्या बँकांकडून येणाऱ्या खातेउताऱ्यांच्या फायली वाचून एका साच्यात आणते. पिग्मी एजंटांना मोबाइलवर दैनंदिन ठेव नोंदवता यावी म्हणून दुसरी प्रणाली सुरू झाली, तेव्हा तिलाही ‘अक्षरी’ आणि ‘हप्ता’ लागली, आणि इथपासून अवलंबित्वाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. सगळे एकाच रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवले तर हा प्रश्न मुळात निर्माण होत नाही, आणि लहान चमूने जमेल तोवर तेच करावे. आमच्याकडे दुसऱ्या प्रणालीचा रेपो ग्राहकाच्या मालकीचा असल्यामुळे तो मार्ग बंद होता.

अशा वेळी सगळेच जण प्रथम गिटकडे, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीकडे, वळतात. पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला, गिटच्या पत्त्यावरून मॉड्यूल बसवता येते. पत्त्याच्या शेवटी ॲट चिन्ह देऊन टॅगचे (कोडच्या ठरावीक स्थितीला दिलेल्या खुणेचे) नाव लिहिले की झाले. वेगळा सर्व्हर नको, वेगळी देखभाल नको. स्वतःच्या लॅपटॉपवर हे इतके सुरळीत चालते की पुढच्या अडचणी बराच काळ नजरेआड राहतात. त्या दिसू लागतात सीआयमध्ये. गिटहब हे गिटचे रेपो ठेवण्याचे संकेतस्थळ खासगी रेपोबद्दल परवानगी नसलेल्याला ‘मनाई आहे’ असे सांगत नाही, ‘सापडले नाही’ असे सांगते, कारण असा रेपो अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू नये. धोरण म्हणून ते योग्यच आहे. मात्र नव्याने रुजू झालेला मुलगा पत्त्याच्या स्पेलिंगमधली चूक शोधत बसतो, आणि चूक पत्त्यात नसून किल्लीत असते. मग किल्ली द्यायला जावे, तर गिटहबची डिप्लॉय की एका वेळी एकाच रेपोला जोडता येते. एका बिल्डला (कोडपासून प्रणाली बांधण्याच्या फेरीला) दोन खासगी मॉड्यूले हवी असतील तर दोन किल्ल्या लागतात, आणि कोणत्या रेपोला कोणती किल्ली लावायची हे एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या साधनाला कळावे म्हणून त्याच्या संरचनेत एकाच गिटहबसाठी दोन टोपणनावे तयार करावी लागतात. हा उद्योग ज्याने एकदा केला आहे त्याला पायपीआयचा मोह का पडतो, हे मी चांगले समजू शकतो.

डॉकरमध्ये हीच गोष्ट धोक्याची होते. टोकन बिल्डच्या आर्ग्युमेंटमधून दिले तर ते इमेजच्या इतिहासात राहते आणि ‘डॉकर हिस्टरी’ ही आज्ञा चालवणाऱ्या कोणालाही वाचता येते. टोकनाची फाइल एका पायरीत आत घेऊन पुढच्या पायरीत पुसली, तरी आधीच्या थरात ती तशीच असते, कारण इमेज थरांची बनलेली असते आणि वरचा थर खालच्या थरातले काही नाहीसे करत नाही, फक्त झाकतो. यावर डॉकरच्या बिल्डकिट या बांधणी-यंत्रणेत नीट उपाय आहे: सीक्रेट म्हणून माउंट केलेली फाइल त्या एका पायरीपुरती दिसते आणि कोणत्याही थरात उरत नाही. उपाय अवघड नाही. तो डॉकरफाइल लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा लागतो, आणि टोकनाची व्यवस्था ठिकठिकाणी विखुरलेली असेल तर कोणाला तरी तो माहीत नसतोच.

गिटवर अवलंबून राहण्यातला खरा दोष मात्र याहून खोल आहे. गिटच्या पत्त्यात आवृत्तीची संकल्पना नसते. पिग्मीच्या प्रणालीला ‘अक्षरी’चा १.३ हा टॅग हवा असेल आणि ‘हप्ता’च्या आतून ‘अक्षरी’चा १.२ हा टॅग मागितलेला असेल, तर पिपच्या लेखी ते एकाच पॅकेजचे दोन वेगवेगळे पत्ते ठरतात. त्यातला नवा कोणता आणि जुना कोणता याचा विचार न करता ते थेट ‘मेळ बसत नाही’ म्हणून थांबते. ‘१.२ किंवा त्यापुढची, पण २ च्या आतली’ अशी सैल मागणी गिटच्या पत्त्यावर करता येत नाही, आणि मॉड्यूलांवर मॉड्यूले अवलंबून असतील तर सैल मागणीवाचून गाडा चालत नाही. शिवाय टॅग हलवता येतो. कोणी तरी घाईने जुना टॅग नव्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) नेऊन ठेवला, की कालचा बिल्ड आणि आजचा बिल्ड यांतला फरक कोणत्याही फाइलीत दिसत नाही.

म्हणजे हवा असतो तो एक इंडेक्स: नाव आणि आवृत्ती दिली की फाइल देणारा. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे आर्टिफॅक्टरी किंवा नेक्सससारखी भारदस्त प्रणाली उभी राहते, आणि ‘एवढ्याशा कामाला एवढे कशाला’ म्हणत ते पुन्हा पायपीआयकडे वळतात. प्रत्यक्षात २०१५ च्या पेप ५०३ मध्ये (पेप म्हणजे पायथनचे क्रमांकित प्रस्ताव) पायथनच्या इंडेक्सची जी रचना नोंदवली आहे ती कमालीची साधी आहे. प्रत्येक पॅकेजच्या नावाचा एक फोल्डर, आणि त्या फोल्डरच्या पानावर फायलींचे दुवे, बस्स. पॅकेजचे नाव सगळे लहान लिपीत, आणि टिंब किंवा अंडरस्कोअर असेल तिथे हायफन, एवढा एक नियम पाळायचा. एनजिनएक्स या वेबसर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवण्याची सोय सुरू केली, त्यात व्हीलच्या (बसवायला तयार पॅकेजांच्या) फायली नेऊन ठेवल्या आणि समोर पासवर्ड लावला, की खासगी इंडेक्स तयार. आमचा पहिला इंडेक्स हाच होता. किल्ल्यांचा जुडगा जाऊन एक पासवर्ड आला, पिपला तो नेटआरसी फाइलीतून वाचता येतो, आणि ‘हप्ता’ला ‘अक्षरी’ची सैल आवृत्ती मागता येऊ लागली.

आणि नेमके इथे, सगळे सुटल्यासारखे वाटत असताना, या विषयातला सर्वांत मोठा खड्डा आहे.

आपली तीन मॉड्यूले खासगी इंडेक्सवर आणि बाकीची सगळी पायपीआयवर, म्हणून पिपला दोन्ही पत्ते द्यावे लागतात. त्यासाठी ‘एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल’ नावाचा पर्याय आहे, आणि इंटरनेटवरची बहुतेक उत्तरे तोच सुचवतात. नावावरून समज असा होतो की एक मुख्य आणि एक जोडीचा; आधी एकात पाहतील, नसेल तर दुसऱ्यात. पिप तसे करत नाही. दोन्ही इंडेक्स त्याला सारखेच. दोन्हींकडे त्या नावाच्या जेवढ्या फायली आहेत तेवढ्या तो एकत्र करतो आणि त्यातली सर्वांत वरची आवृत्ती उचलतो. म्हणजे आपल्या इंडेक्सवर ‘हप्ता’ १.४ असेल आणि कोणा अनोळखी माणसाने पायपीआयवर त्याच नावाने ९९.० आवृत्ती चढवली, तर आपल्या बिल्डमध्ये त्याची येईल. सोर्सच्या स्वरूपातले पॅकेज बसवताना त्याच्या सेटअप फाइलीतला कोड चालतो, त्यामुळे ते मॉड्यूल आपण पुढे इंपोर्ट केले की नाही हा मुद्दाच उरत नाही.

ही शक्यता केवळ कागदावरची नव्हती, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे त्याने उघड्यावर पडलेल्या पॅकेज जेसन (पॅकेजची माहिती नोंदवणाऱ्या) फायलींतून आणि संकेतस्थळांच्या जावास्क्रिप्टमधून गोळा केली, त्याच नावांची पॅकेजे एनपीएम (जावास्क्रिप्टचे भांडार), पायपीआय आणि रुबीजेम्स (रुबीचे भांडार) यांवर वरच्या आवृत्तीने चढवली, आणि वाट पाहिली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, शॉपिफाय, पेपाल यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांच्या आतल्या यंत्रांवर त्याचा कोड चालला. त्याने फक्त यंत्राचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि फोल्डरचा मार्ग एवढीच माहिती डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या) विचारणांमधून बाहेर काढली, कारण कडेकोट फायरवॉलसुद्धा डीएनएस सहसा अडवत नाही. बक्षिसांपोटी त्याला १,३०,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. या प्रकाराला तेव्हापासून ‘डिपेन्डन्सी कन्फ्यूजन’ म्हणतात.

बिर्सानचा हेतू चांगला होता आणि त्याने कंपन्यांना कळवलेही. पुढच्या वर्षी तसे झाले नाही. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या रोजच्या प्रायोगिक आवृत्त्या त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवरून मिळतात आणि त्यांना ‘टॉर्चट्रायटन’ नावाचे एक पॅकेज लागत असे, तेही त्याच इंडेक्सवर. पायपीआयवर ते नाव मोकळे होते. डिसेंबर २०२२ मध्ये कोणी तरी ते घेतले, आणि २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान लिनक्सवर पिपने ती प्रायोगिक आवृत्ती बसवणाऱ्यांच्या यंत्रांवर भलतेच पॅकेज गेले. त्याने घरच्या फोल्डरातल्या फायली आणि एसएसएचच्या किल्ल्यासुद्धा बाहेर पाठवल्या. पायटॉर्चने पुढे ‘पायटॉर्च-ट्रायटन’ असे नाव बदलले आणि पायपीआयवर त्या नावाचे एक नाममात्र पॅकेज ठेवून जागा अडवली. पायटॉर्चसारख्या अनुभवी चमूची ही गत होते, तर ‘आमचे नाव कोणाला माहीत आहे’ या भरवशावर आपण राहू नये. नाव बाहेर जायला एखादा एरर लॉग किंवा ग्राहकाला दिलेली रिक्वायरमेंट्सची (लागणाऱ्या पॅकेजांची) यादी पुरते.

म्हणून खासगी मॉड्यूलाच्या बाबतीत निर्णायक प्रश्न ‘कोड कुठे ठेवला आहे’ हा नसून ‘नाव कोणाच्या ताब्यात आहे’ हा आहे. निरनिराळ्या भाषांच्या परिसंस्थांनी त्याचे उत्तर निरनिराळे दिले आहे, आणि त्यांत पायथनची बाजू सर्वांत कमकुवत. जावाच्या मेव्हन सेंट्रल या भांडारावर पॅकेजच्या नावाआधी उलटे लिहिलेले डोमेन येते आणि ते डोमेन तुमचे आहे हे डीएनएसमध्ये नोंद करून सिद्ध करावे लागते. गो भाषेत मॉड्यूलचे नाव हाच त्याचा पत्ता असतो, त्यामुळे गोंधळाला फारसा वाव नाही. तिथे उलटी काळजी घ्यावी लागते, कारण १.१३ आवृत्तीपासून गो प्रत्येक मॉड्यूल गूगलच्या प्रॉक्सीमार्फत मागते आणि त्याचा चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) सार्वजनिक नोंदवहीत पडताळते, म्हणजे ‘गोप्रायव्हेट’ हे चल भरले नाही तर खासगी मॉड्यूलांची नावे परभारे बाहेर विचारली जातात. एनपीएममध्ये ॲट चिन्हाने सुरू होणारा स्कोप (नावाचा उपसर्ग) एकदा आपल्या संस्थेच्या नावावर झाला, की त्याखाली दुसरे कोणी काही प्रकाशित करू शकत नाही, आणि तो स्कोप कोणत्या रजिस्ट्रीवरून (भांडारावरून) आणायचा हे वेगळे सांगता येते. पीएचपी भाषेच्या कंपोझर या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने तर बिर्सानच्या लेखाच्या काही महिने आधीच, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत, आधीच्या क्रमाच्या रजिस्ट्रीत नाव सापडले तर पुढच्या रजिस्ट्रीत पाहायचेच नाही, असा नियम लागू केला. पायपीआयवर मात्र नावांची एकच सपाट यादी आहे. संस्थेचे नाव उपसर्ग म्हणून जोडल्याने अपघाती टक्कर टळते. हेतुपुरस्सर टक्कर त्याने टळत नाही. आणि पायटॉर्चसारखी जागा अडवून ठेवावी म्हटले, तर उपयोग नसलेली रिकामी पॅकेजे केवळ नावासाठी ठेवणे पेप ५४१ च्या धोरणात बसत नाही.

आमच्याकडे अखेर डेव्हपी हे खासगी इंडेक्स चालवणारे सॉफ्टवेअर बसवले. पिपला आता एकच पत्ता दिलेला आहे आणि तो डेव्हपीचा. पायपीआयवरची पॅकेजे तेच आणून साठवते, आणि आपल्या खासगी इंडेक्सवर एखादे नाव असेल तर त्या नावासाठी पायपीआयकडे ते मुळीच पाहत नाही, जोवर तशी स्पष्ट परवानगी आपण देत नाही तोवर. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पिपऐवजी वापरता येणाऱ्या यूव्ही या साधनाचाही विचार करायला सांगेन, कारण त्याचा मूळ स्वभावच ‘पहिल्या इंडेक्सवर सापडले तर तिथेच थांबा’ असा आहे, आणि अमुक पॅकेज अमुक इंडेक्सवरूनच यावे असे प्रकल्पाच्या फाइलीत बांधून टाकता येते. यापैकी काहीही वापरले तरी प्रत्येक पॅकेजचा हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) नोंदवून ठेवावा. पिपला हॅश बंधनकारक केले, की नाव आणि आवृत्ती जुळूनही फाइल वेगळी असेल तर ते बसवण्यास नकार देते. बाकी सगळे उपाय चुकले तरी हा उपाय आपले काम करत राहतो.

एवढे केल्यावर ‘पायपीआयवर टाकू या’ या सूचनेमागचे कारण उरत नाही, आणि तेव्हाच प्रकाशनाचा विचार स्वच्छपणे करता येतो. आमच्या तिघांपैकी ‘अक्षरी’ आम्ही प्रकाशित केले, आणि ते बरोबर झाले असे मला वाटते. मराठीत एक ते नव्व्याण्णव या संख्यांची नावे नियमाने बनवता येत नाहीत, सगळी यादी द्यावी लागते; त्यात पुन्हा लाख-कोटींची मांडणी, पैसे, शून्य रुपये, ऋण रक्कम असे कोपरे आहेत. ज्याला ज्याला पावती छापायची आहे त्या प्रत्येकाने हे नव्याने लिहिणे हा निव्वळ अपव्यय आहे, आणि चारचौघांच्या नजरेखालून गेल्याने ती यादी अधिक शुद्ध होते. ‘हप्ता’ आम्ही प्रकाशित केले नाही. त्यात कोणतेही गुपित नाही. सूत्रे पाठ्यपुस्तकातली आहेत. पण त्यातले पूर्णांकनाचे नियम आमच्या ग्राहक संस्थांच्या ठरावांवर बेतलेले आहेत आणि ते ठराव बदलले की आम्ही मागचापुढचा विचार न करता मॉड्यूल बदलतो. हे स्वातंत्र्य प्रकाशित मॉड्यूलाला नसते. ‘खतावणी’बद्दल तर चर्चाही झाली नाही.

प्रकाशनाच्या आधीची तयारी आम्ही धरली होती त्याहून मोठी निघाली, आणि तिच्यात कोडचा भाग सर्वांत लहान होता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याकडे असतो. तेव्हा लेखक म्हणून माझे नाव असले तरी परवान्याची फाइल जोडण्याचा अधिकार कंपनीचा होता आणि तो लेखी मागावा लागला. परवाना न जोडता टाकलेला कोड दिसतो सगळ्यांना, पण तो वापरण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसरे काम फायली तपासण्याचे. पायथनच्या सोर्स आर्काइव्हमध्ये चाचण्यांचे फोल्डर सहज जाऊन बसते, आणि चाचण्यांसाठी वापरलेले नमुने पुष्कळदा खऱ्या पावत्यांवरून घेतलेले असतात. एनपीएमच्या बाजूला याहून फसवी गोष्ट आहे: फोल्डरात एनपीएमइग्नोर फाइल (पॅकेजमधून काय वगळायचे याची यादी) असेल तर गिटइग्नोरकडे (गिटमधून काय वगळायचे याच्या यादीकडे) एनपीएम पाहतच नाही, त्यामुळे गिटमध्ये कधीही न गेलेली, पासवर्ड आणि टोकने असलेली एन्व्ह फाइल पॅकेजमधून मात्र बाहेर जाऊ शकते. दोन्हीकडे, चढवण्यापूर्वी आर्काइव्ह तयार करून त्यातल्या नावांची यादी डोळ्यांनी वाचणे याला पर्याय नाही. त्याच बैठकीत रेपोचा गिट इतिहासही पाहावा. आम्ही ‘अक्षरी’ नव्या, इतिहास नसलेल्या रेपोत हलवले.

ही काळजी एवढ्यासाठी, की चढवलेले परत घेता येत नाही. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एका नावावरून झालेल्या वादात आपली २७३ पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांतले ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज असंख्य मोठ्या प्रकल्पांच्या पोटात खोलवर होते आणि जगभर बिल्ड बंद पडले. एनपीएमने ते पॅकेज स्वतःच पुन्हा उपलब्ध करून दिले, आणि त्यानंतर काढून घेण्याचे नियम आवळत नेले. आजचा नियम असा की पहिल्या ७२ तासांत, दुसरे कोणतेही पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर काढता येते. त्यानंतरच्या अटी आणखी कडक आहेत, आणि कोणत्याही परिस्थितीत तेच नाव आणि तीच आवृत्ती पुन्हा वापरता येत नाही. पायपीआय मालकाला फाइल काढू देते, पण त्याच नावाची फाइल पुन्हा स्वीकारत नाही, आणि तोवर तिच्या प्रती आरशांवर (भांडाराच्या नकला ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) पोहोचलेल्या असतात. मेव्हन सेंट्रल तर काढण्याची भाषाच करत नाही. कोचुलूच्या कृतीबद्दल मतभेद असू शकतात; मला त्या घटनेतून दिसते ते एवढेच, की प्रकाशित पॅकेजवर त्याच्या लेखकाचा ताबा लेखकाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

प्रकाशनानंतर आवृत्तीचा आकडा हे वचन होते. ‘अक्षरी’त याचा मजेदार प्रत्यय येतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली आणि त्यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला. पतसंस्थेच्या पावतीवर ती पद्धत कोणी मागणार नाही, पण शाळेसाठी ॲप करणारा मागू शकतो. मॉड्यूल आमचे खासगी असते तर आम्ही ‘लागत नाही’ म्हणून विषय संपवला असता. प्रकाशित असल्यामुळे तो पर्याय द्यायचा की नाही, दिला तर मूळ वर्तन अजिबात न बदलता कसा द्यायचा, आणि ‘चव्वेचाळीस’चे लेखन दुरुस्त केले तर ती किरकोळ दुरुस्ती की मोठा बदल, हे सगळे ठरवावे लागते. शेवटच्या प्रश्नाचे आमचे उत्तर ‘मोठा बदल’ असे आहे, कारण कोणाच्या तरी चाचणीत ती अक्षरे जशीच्या तशी तपासलेली असणार.

एक बंधन यंत्रणाच घालून देते आणि ते रचनेच्या दृष्टीने फार उपयोगी आहे: खासगी मॉड्यूल सार्वजनिकावर अवलंबून राहू शकते, उलटे होऊ शकत नाही. पायपीआय थेट गिटच्या पत्त्यावर अवलंबून असलेले पॅकेज स्वीकारत नाही, आणि रस्ट भाषेच्या क्रेट्स-आयओ या भांडारावर बाहेरच्या कोडवरचे अवलंबित्व चालत नाही. ‘अक्षरी’ आमच्या अंतर्गत लॉगिंगच्या (घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या) मॉड्यूलावर टेकलेले होते. ते तोडावे लागले, आणि तोडताना लक्षात आले की रक्कम शब्दांत लिहिणाऱ्या फंक्शनला लॉगिंगची गरजच नव्हती. मॉड्यूल प्रकाशनयोग्य आहे का हे पाहायचे असेल, तर त्याची अवलंबित्वे एकेक करून वाचावीत. त्यात एकही घरगुती नाव नसेल तर पुढचा विचार करावा.

उरलेल्या दोन मॉड्यूलांच्या बाबतीत आम्ही अपघाताने प्रकाशन होऊ नये याची तजवीज केली आहे. पायथनच्या पॅकेजमध्ये ‘प्रायव्हेट’ या शब्दाने सुरू होणारा वर्गीकरणाचा शेरा घातला, की पायपीआय ते पॅकेज घेतच नाही. एनपीएममध्ये पॅकेज जेसनमध्ये प्रायव्हेट खरे करावे, रस्टच्या कार्गोमध्ये पब्लिश खोटे. एका ओळीचे काम आहे, आणि ट्वाइनची (पायपीआयवर चढवण्याची) आज्ञा चुकीच्या फोल्डरात चालवणे कोणाच्याही हातून होऊ शकते. ‘अक्षरी’ चढवण्यासाठी आता कोणाच्याही यंत्रावर टोकन नाही. पायपीआयच्या २०२३ पासूनच्या ट्रस्टेड पब्लिशिंगमुळे गिटहबवरच्या ठरावीक वर्कफ्लोलाच (आपोआप चालणाऱ्या कामालाच) तेवढ्यापुरती परवानगी मिळते.

सध्या वाद चालू आहे तो सुट्ट्यांच्या मॉड्यूलाबद्दल. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम २५ खाली राज्य सरकार दर वर्षी सुट्ट्या जाहीर करते, हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढे ढकलावी लागते, आणि महाराष्ट्रापुरती ती यादी यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात असणे शेकडो लोकांच्या उपयोगाचे आहे, हे मला मान्य आहे. माहिती सरकारी आहे, घरगुती अवलंबित्व एकही नाही, परवान्याचा प्रश्न नाही. तरीही मी विरोधात आहे. दर वर्षी अधिसूचना निघाली की दोन दिवसांत नवी आवृत्ती काढण्याची जबाबदारी घ्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही, आणि जुन्या यादीचे मॉड्यूल पायपीआयवर नुसते पडून राहिले तर ते वापरणाऱ्याच्या हप्त्यांच्या तारखा कसलीही सूचना न देता चुकतील. जबाबदारी घेणारे नाव ठरेपर्यंत ते डेव्हपीवरच राहील.